सत्तावीस खांबांचा वायरमन

काम असून ते न करणारी माणसं मी नोकरीत इतकी पाहिली की त्यांची आता आठवणसुद्धा येत नाही. पण काम नसताना ते मन लावून, वेळेवर आणि गणवेश घालून करणारा माणूस मी एकच पाहिला. तो मी होते त्या गावचा वायरमन. गावात वीज नव्हती.

गाव माझं नव्हे, नोकरीचं. मी तिथल्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होते. आता त्याला वाशिम जिल्हा म्हणतात, तेव्हा सगळं अकोल्यातच मोडायचं. रिसोडच्या अलीकडे एका फाट्यावर येष्टी सोडून द्यायची आणि तिथून दीड कोस चढ. गावाचं नाव सांगत नाही. तेव्हाच्या सरपंचांची नातवंडं अजून तिथे राहतात आणि त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही.

पहिल्या दिवशी मी फाट्यावरून चालत आले. बंडीवाल्याने माझी पत्र्याची पेटी घेतली, पण बैल म्हातारा आहे म्हणून मला घेतलं नाही. गावाच्या तोंडाशी पोचेस्तोवर पायांचे तुकडे पडायची वेळ आली होती. समोर एक लोखंडी खांब दिसला, तो हाताने धरून पाठ टेकवली आणि डोळे मिटले. एवढ्यात कोणीतरी खच्चून ओरडलं.

"ओ बाई! हात काढा! हात काढा पहिले!"

मी दचकून बाजूला झाले. समोर खाकी कपड्यातला, बत्तीस-पस्तिशीचा एक किडकिडीत माणूस. कमरेला चामडी पट्टा, पट्ट्यात पक्कड आणि टेस्टर, हातात कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे. वैशाखाचं ऊन, आणि हा हातमोजे घालून उभा.

"खांबाले टेकू नका. जीव जाईन एखांद्या दिवशी."

मी वर पाहिलं. खांबाच्या टोकावर आडवी पट्टी होती, पट्टीवर चिनी मातीचे दोन पांढरे पेले होते आणि त्यापुढे नुसतं आभाळ होतं.

"यावर तार कुठंय?"

"तार येऊन राह्यली."

"मग करंट कुठून येणार?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. शिकलेल्या बाईने असं बोलावं याचं त्याला वाईट वाटलं असावं.

"बाई, करंट दिसत नसते. दिसत नाई म्हनून नाई, असं समजनारे लय लोक मेले."

मग त्याने खिशातून एक वही काढली. तीत लिहिलं की नवीन सिस्टर दुपारी एक वाजता खांब नंबर एकला टेकल्या, त्यांना समज देण्यात आली. खाली माझी सही घेतली. मग स्वतःची केली, आणि सहीखाली, रेघ मारून, हुद्दा लिहिला: वायरमन.

सहीखाली हुद्दा लिहिल्याशिवाय तो कुठलाही कागद हातावेगळा करत नसे. पोस्टाच्या पावतीवर, शाळेच्या झेंडावंदनाच्या हजेरीत, माझ्या देवी टोचल्याच्या रजिस्टरात, सगळीकडे सही आणि हुद्दा. एकदा मी गमतीने म्हटलं, "आईला पत्र लिहिता तेव्हा तरी सोडता का?" तो म्हणाला, "मायले तर पहिले पाह्यजे."

त्याची माय कारंज्याकडे, धनजला राहायची. त्याच्या लहानपणी त्याच्या वस्तीने बौद्ध धम्म घेतला तेव्हा माय त्याला कडेवर घेऊन गेली होती, असं तो सांगायचा. मी म्हणायचे, तेव्हा तुम्ही पंधरा वर्षांचे असाल, कडेवर कसे? मग तो म्हणायचा, "माय सांगते तसं सांगून राह्यलो." बापाने जन्मभर दुसऱ्याच्या वावरात मजुरी केली. हा अकोल्याला आयटीआयमध्ये शिकला आणि त्या घरात पहिल्यांदा खाकी कापड शिरलं. मायला वाचता येत नसे. दर महिन्याला तो तिला कार्ड टाकायचा आणि तिथला पोस्टमन ते वस्तीत मोठ्याने वाचायचा. मायचा पोस्टमनला हुकूम होता की शेवटचा शब्द दोनदा वाचायचा. तो शब्द म्हणजे हुद्दा.

आता वीज नसलेल्या गावात वायरमन कसा, हे सांगायला हवं. मलाही ते समजायला सहा महिने लागले.

दुष्काळाच्या साली लोकांना काम द्यायचं म्हणून खड्डे खणायचं काम निघालं. खड्डे झाले. खड्डे झाल्यावर त्यात काहीतरी घालायला हवं म्हणून खांब आले, असं गावात सांगत. सत्तावीस खांब उभे राहिले. मग एक पुढारी आले, त्यांनी पहिल्या खांबाला बांधलेली फीत कापली, सरपंचांच्या गळ्यात हार पडला, पेढे वाटले. दुपारची वेळ होती. दिवसाढवळ्या दिवा लावून काय दिसणार, म्हणून बटन कुठंय असं कोणी विचारलं नाही. गाव कागदोपत्री उजळलं. तारा पुढच्या हप्त्यात यायच्या होत्या, आणि तो हप्ता कुठल्या टेबलावर बसला ते कोणाला कळलं नाही. पण वीज आलेल्या गावाला वायरमन द्यायचा असा नियम होता, आणि नियमाप्रमाणे तो आला.

दुसरा कोणी असता तर घरी पाय पसरून झोपला असता. हा रोज सकाळी सातला निघायचा. पहिल्या खांबापासून सत्ताविसाव्यापर्यंत चालत जायचा, प्रत्येक खांबाला टेस्टर लावायचा, वर पाहायचा, परत यायचा आणि फॉल्ट रजिस्टरात लिहायचा: "आज फॉल्ट नाही." सही, हुद्दा. पावसाळ्यात छत्री घेऊन जायचा. तापात असला तरी जायचा. मी एकदा गोळ्या देऊन झोपून राहा म्हटलं तर म्हणाला, "अन् आजच फॉल्ट झाला तर?"

खांबांना पांढऱ्या रंगाने नंबर त्यानेच घातले होते आणि त्यांच्या स्वभावाची त्याला खडानखडा माहिती होती. चार नंबरचा जरा उत्तरेला झुकतो. अकराला मुंग्या लागतात. सतरा नंबर मारुतीच्या पाराजवळ आहे, त्याला लोक शेंदूर फासतात, तो दर शनिवारी घासलेटाने पुसावा लागतो. गावाने मात्र खांबांना आपल्या सोयीने कामाला लावलं होतं. म्हशी बांधायच्या, लुगडी वाळवायची, लग्नाचा मांडव ताणायचा. तो या सगळ्यांच्या मागे धावायचा. "ए पोट्टेहो, हात लावू नका रे! ए बुढे, तुही म्हैस मरीन ना वं!" बुढी म्हणायची, "सहा वर्सं झाले बांधून राह्यली, तुह्या खांबानं तिचं दूध बी नाई कमी केलं." शेवटी तडजोड झाली. नऊ नंबरला लग्नाचा मांडव बांधायला त्याची लेखी परवानगी मिळू लागली, नवरा-नवरीने हात लावू नये या अटीवर.

त्या खांबांवर गावाची लग्नंसुद्धा जमली होती. सरपंचांनी मंगरूळपीरकडच्या मोठ्या घरची सून आणली ती "आमच्याकडे लाइट आहे" या शब्दावर. पाहुणे येऊन खांब मोजून गेले. सुनेच्या बापाने आंदणात टेबलफॅन दिला. तो पंखा सरपंचांच्या बैठकीत भरतकामाची खोळ घालून कोपऱ्यात उभा असे. दर दसऱ्याला वायरमन जाऊन त्याचा प्लग तपासायचा, हळद-कुंकू व्हायचं आणि पंखा पुन्हा खोळीत जायचा.

सगळ्यावर कडी म्हणजे त्याला मिळालेलं प्रशस्तिपत्र. त्याच्या खात्याच्या वर्षाच्या कार्यक्रमात जाहीर झालं की अख्ख्या विभागात एकच लाइन अशी आहे, जिच्यावर सलग पाच वर्षांत एकही बिघाड झालेला नाही. साहेबांनी त्याला व्यासपीठावर बोलावलं, हस्तांदोलन केलं आणि इतरांना सांगितलं की याच्याकडून शिका. त्याने ते प्रशस्तिपत्र काचेत बसवून आणलं. आमची सरकारी इमारत एकच होती, अर्ध्या भागात माझं उपकेंद्र आणि अर्ध्यात त्याची खोली. मधल्या भिंतीवर खिळा ठोकायला त्याने माझी परवानगी मागितली, लेखी.

मी त्याला हसायचे, सगळं गाव हसायचं. पण अंधार पडला की माझं हसू जायचं. उपकेंद्रात एक कंदील होता. घासलेट रेशनवर, तेही अर्धं पाणी. बाळंतपणं काही दिवस पाहून होत नाहीत. कंदील धरायला सासू उभी राहायची, आणि सून ओरडली की सासूचा हात हलायचा. मी अर्धं काम डोळ्यांनी करायचे, अर्धं बोटांनी. एक मोठा दिवा, एवढंच मला हवं होतं. तीन वर्षं मी वरच्या ऑफिसला अर्ज करत होते. उत्तर ठरलेलं असायचं: आपल्या गावात वीज उपलब्ध असल्याने स्थानिक वीज कर्मचाऱ्याशी संपर्क साधावा. मी ते उत्तर घेऊन शेजारच्या दारात जायचे. तो ते वाचायचा आणि म्हणायचा, "तार आली का पहिलं कनेक्शन तुमचं. लिहून देऊ?" आणि खरंच लिहून द्यायचा, सही आणि हुद्द्यासकट.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. तेलाचे भाव आभाळाला टेकले होते आणि सरकारला सूर्याची आठवण झाली होती. एक दिवस जीपमधून शहरातल्या कुठल्याशा संस्थेचे एक चष्मेवाले साहेब आले. त्यांच्याजवळ निळसर काचेची एक पाटी होती. ती त्यांनी अंगणात उन्हात धरली, तिला दोन वायरी जोडल्या, आणि एक चिमुकला पंखा भिरभिर फिरला. बाया तोंडाला पदर लावून पाहत राहिल्या. साहेब म्हणाले, अशा मोठ्या पाट्या लावायच्या, दिवसा बॅटरी भरायची, रात्री त्यावर ट्यूब लावायची. ना तार, ना घासलेट. प्रयोग म्हणून ते एकाच दवाखान्याला देणार होते. अट एवढीच की गावात वीज नसावी.

वायरमन लांब उभा राहून पाहत होता. साहेब गेल्यावर मला म्हणाला, "उनाचा काय भरोसा, बाई? संध्याकाई झाली का लाइन बंद. असा मानूस आमच्या खात्यात एक दिवस टिकला नसता."

पण त्या पाटीने त्याला पछाडलं. साहेबांनी माझ्याजवळ एक माहितीपत्रक ठेवलं होतं, ते त्याने मागून नेलं आणि पाठ केलं. गावात रोज किती तास ऊन असतं ते संस्थेला कळवायचं होतं. मी अंदाजे लिहून टाकणार होते. तो म्हणाला, अंदाजे कसं? त्याने एक नवीन वही आखली आणि सूर्याचं रजिस्टर सुरू केलं. ती वही माझ्याकडे आहे. तीत अशा नोंदी आहेत: "सकाळी सहा दहा. ऊन चालू." "दुपारी दोन पस्तीस ते तीन पाच, ऊन बंद. कारण: ढग. आपोआप पूर्ववत." श्रावणातल्या एका पानावर नुसतं "सप्लाय कमी" असं सात वेळा लिहिलंय. आणि एका दिवशी ग्रहण होतं, तर "पूर्वसूचना देऊन बंद" अशी नोंद आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी सही आणि हुद्दा. सूर्यावर इतकी बारीक देखरेख दुसऱ्या कोणी ठेवली नसेल.

मी अर्ज भरला, त्याच्या रजिस्टराची नक्कल जोडली. शेवटच्या पानावर एक रकाना होता. गावात वीज नाही, याबद्दल स्थानिक वीज कर्मचाऱ्याचा दाखला.

चष्मेवाले साहेब परत आले तेव्हा या रकान्यावर बोट ठेवून हताशपणे हसले. "सगळीकडे इथंच अडतंय हो. जिथे वीज नाही तिथे वीज कर्मचारी कुठून असणार?"

"आमच्याकडे आहे," मी म्हटलं.

साहेब खुर्चीतून उठलेच. "आहे? वीज नाही आणि कर्मचारी आहे?"

"शेजारीच राहतो."

त्यांना वाटलं आता काम झालं. मलाही वाटलं. वायरमनने तो कागद घेतला, तीनदा वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"हे कसं लिहू, बाई?"

"का? खरंच तर आहे."

"गावात वीज नाई असं मी लिहिलं, तं मंग मी इथं कोन?"

मला तेव्हा राग आला. मी सरपंचांकडे गेले. ते पंख्याशेजारी बसले होते. म्हणाले, "सिस्टर, गाव अंधारात आहे, हे आमाले बी दिसते. पन ते कागदावर कायले पाह्यजे? माह्या व्याह्याले काय तोंड दाखवू? हार घातला होता ना मले!"

त्या आठवड्यात मी वायरमनशी बोलले नाही. आणि बोलले तेव्हा नको ते बोलले. मी म्हटलं, "तुमचा करंट दिसत नाही, ठीक आहे. मला बाईचं रक्त तरी दिसायला पाहिजे की नाही?" त्याने हातमोजे काढून खाली ठेवले आणि बराच वेळ ते सरळ करत बसला.

पंधरा दिवसांनी वच्छलाला आणलं. गावाच्या पार टोकाच्या बौद्ध वस्तीतली पोरगी, पहिलटकरीण. ती वस्ती सत्ताविसाव्या खांबाच्याही पलीकडे होती. नकाशात तिथवर खांब काढलेलाच नव्हता. अठ्ठाविसावा खांब द्यावा म्हणून वायरमनने दोनदा अर्ज केला होता आणि सत्तावीसमध्ये काय कमी आहे असं उत्तर आलं होतं. दिवस मावळला, वारा सुटला आणि ऐन वेळी कंदिलाची काच तडकली. मी भिंतीवर थाप मारली. तो त्याचा तीन सेलचा टॉर्च घेऊन आला, पण बाळंतिणीच्या खोलीत येईना. शेवटी तो बाहेर खिडकीकडे पाठ करून उभा राहिला आणि एक हात मागे वळवून गजांमधून आत घातला. हातात टॉर्च. मी सांगत होते, "वर. जरा डावीकडे. खाली." तो न पाहता हात हलवत होता. दोन तास तो हात तसाच होता आणि एकदाही थरथरला नाही. मधेच बाहेरून आवाज आला, "बाई, सप्लाय कमी होऊन राह्यला."

बाळ झालं, मुलगा, रडला. मग रक्त थांबेना. टॉर्चचा उजेड पिवळा पडून विझत चालला होता. मी चाचपडत, बोटांनी अंदाज घेत टाके घातले. रक्त थांबलं, पण टाके चुकले. ते पिकले, तिला बंडीत घालून फाट्यावर न्यावं लागलं आणि महिनाभर ती तालुक्याच्या दवाखान्यात पडून होती. वाचली. पण चूक माझी होती, आणि मी ती कोणावर ढकलत नाही. हात आत घालून उभ्या असलेल्या त्याने सगळं ऐकलं होतं, तिचं ओरडणं आणि माझं रडणंही.

बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा सातला निघाला. सत्तावीस खांब पाहून आला. मी पायरीवर बसले होते. माझ्यासमोर उभा राहून त्याने फॉल्ट रजिस्टर उघडलं.

"बाई," तो म्हणाला, "फॉल्ट सापडला."

त्याने लिहिलेलं मी वाचलं. "फॉल्ट: गावात करंट नाही. कारण: तार नाही. कधीपासून: पहिल्या दिवसापासून." सही. रेघ. वायरमन. मग त्याने माझ्याकडून अर्ज मागून घेतला आणि त्या रकान्यात हेच जसंच्या तसं उतरवलं. त्याच्या दृष्टीने तो दाखला देऊ शकत नव्हता. फॉल्ट मात्र नोंदवू शकत होता, ते त्याचं कामच होतं.

त्या नोंदीची नक्कल त्याने त्याच्या ऑफिसलाही पाठवली. पाठवली नसती तरी चाललं असतं, मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, "फॉल्ट नोंदवला अन् कळवला नाई, तं तो नोंदवला कायचा?"

ऑफिसात एकच गोंधळ उडाला. सहा वर्षांत हा फॉल्ट का कळवला नाही, असं विचारणारं पत्र आलं. त्याने उत्तर दिलं, "फॉल्ट दिसत नव्हता." मग तीन माणसांची चौकशी समिती जीप घेऊन आली. उन्हाने दमून तिघेही एक नंबरच्या खांबाला हात टेकून उभे राहिले.

"सायब, हात काढा!" हा ओरडला.

"अरे, तूच लिहिलंस ना तार नाही म्हणून?"

"लिहिलं, सायब. पन हात काढा."

समितीने खांब मोजले, ते बरोबर निघाले. फीत कापल्याचा फोटो पाहिला, तोही बरोबर होता. सरपंचांनी खोळ काढून पंखा दाखवला, पंख्यातही खोट नव्हती. सगळंच बरोबर असताना दोष कुठे, हे शोधता शोधता त्यांना अख्ख्या गावात एकच वस्तू बिघडलेली सापडली, ती म्हणजे वायरमन. भिंतीवरचं प्रशस्तिपत्र उतरवून परत मागवण्यात आलं. त्याने ते पुसून, फडक्यात गुंडाळून, पावती घेऊन दिलं.

संस्थेच्या पाट्या आल्या त्याच आठवड्यात त्याचा आदेश आला. मी विचारलं काय आहे. म्हणाला, "बदली झाली."

"कुठं?"

"लाइन आहे तिथं." एवढंच.

उपकेंद्रासमोर लोखंडी पाइप उभा करून त्यावर पाट्या बसवल्या. संस्थेच्या माणसांनी त्याला जवळ येऊ दिलं नाही, हे तुमच्या खात्याचं नाही म्हणाले. तो हातमोजे घालून दोन हातांच्या अंतरावर उभा राहिला आणि जवळ येणाऱ्या पोरांना हाकलत राहिला. साहेब म्हणाले, "अहो, याला हात लावला तरी काही होत नाही." त्याने साहेबांकडे फार कीव येऊन पाहिलं.

दिवेलागणीला साहेबांनी बटन दाबलं. ट्यूब दोनदा फडफडली आणि लागली. पांढऱ्या उजेडात माझी लोखंडी खाट, तिच्यावरचे गंजाचे डाग, भिंतीवरचे जुने शिंतोडे, सगळं उघडं पडलं. मला माझ्याच खोलीची लाज वाटली आणि मी हसत हसत रडले. बायांनी ट्यूबला नमस्कार केला. सरपंच म्हणाले, "आपल्या गावाले लाइट होतीच, आता डबल झाली." वायरमनने घड्याळ पाहून वेळ टिपून घेतली. मग पांढऱ्या रंगाचा डबा आणला आणि पाइपवर सावकाश, नीट, अठ्ठावीस हा आकडा काढला.

सकाळी तो निघाला. सूर्याचं रजिस्टर माझ्या हातात दिलं. "रोज लिहा, बाई. आळस करू नका." मी आळस केला, हे कबूल करते. अधूनमधून लिहिलं.

पुढे वर्षभरात गंमत झाली. गावात दवाखान्यात दिवा लागतो अशी बातमी वर पोचली, तेव्हा फॉल्टच्या नोंदीमुळे कागदावर अंधारात गेलेलं गाव पुन्हा वीज आलेलं झालं आणि नियमाप्रमाणे नवा वायरमन आला. तो शहाणा होता. त्याने वर पाहिलं, तार नाही हे ओळखलं आणि झोपला. म्हशी निर्धास्त झाल्या.

जुन्याची कार्डं यायची. दर महिन्याला एकच ओळ: "ऊन कसं आहे? कळवणे." खाली सही. मी उत्तर टाकायचे, "ऊन चालू. फॉल्ट नाही." दोन-तीन कार्डांनंतर माझ्या लक्षात आलं की सहीखाली हुद्दा नाही. घाईत राहिला असेल, असं मी समजले. तो माणूस घाईत काही विसरणारा नव्हता, हे मला ठाऊक असूनही तसं समजले.

पावसाळ्याच्या तोंडाशी वच्छलाची धाकटी जाऊ रात्री अडली. पुन्हा रक्त, पुन्हा टाके. पण या वेळी मला प्रत्येक टाका दिसत होता, धाग्याचा रंगसुद्धा. दोन टाके, सरळ. सातव्या दिवशी काढले आणि ती पोरगी चालत घरी गेली. त्याच दुपारी मी त्याला कार्ड लिहिलं. "मुलगी झाली. दोन टाके पडले. पाहून घातले." आणि जागा उरली होती म्हणून खाली लिहिलं, "हल्ली सहीखाली हुद्दा का नसतो? आमच्या रजिस्टराला असा कागद चालत नाही." थट्टा म्हणून लिहिलं. त्याच्याशी दुसऱ्या तऱ्हेने बोलायची मला सवयच नव्हती.

दहा-बारा दिवसांनी उत्तर आलं. तेच वळणदार अक्षर. "नोंद घेतली. आनंद झाला." खाली सही. सहीखाली पट्टीने मारलेली रेघ, आणि रेघेखाली, पूर्वीसारखंच नीट, हुद्दा: हेल्पर.

वायरमनला शिडी धरून द्यायची, तारेचं भेंडोळं खांद्यावर वाहायचं, ते काम. त्याची नुसती बदली झाली नव्हती, त्याला खाली उतरवलं होतं. मला धनजचा पोस्टमन आठवला, आणि कार्ड ऐकायला बसलेली त्याची माय. तिच्या कार्डावर तो काय लिहीत होता, हे विचारायचं धाडस मला पुढे कधी झालं नाही. मी पाइपाखाली उभी राहून ते कार्ड वाचलं, आणि शेवटचा शब्द दोनदा वाचला.